माहेरची मंडई की सासरची? : पोटातल्या बाळाच्या वाढीविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

जूनचा शेवटचा आठवडा होता. धानाचे पऱ्हे टाकून झाले होते आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले होते. तपासणीच्या टेबलावर भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातल्या एका गावची बावीस वर्षांची मुलगी झोपली होती. पहिलंच बाळंतपण. कार्डावरच्या तारखेप्रमाणे तिला ३१ आठवडे पूर्ण झाले होते, पण टेप लावली तर पोट भरलं २८ सेंटिमीटर. दाराशी उभी असलेली सासू म्हणाली, "पोट दिसतच नाही, आम्ही कधीचं म्हणतो." मुलीचे डोळे भरून आले. मी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात आमच्या जुन्या सिस्टरबाईंनी तिला विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती बाई?" ती म्हणाली, "मंडईच्या टाइमाले." सिस्टरबाईंचा पुढचा प्रश्न मी अजून विसरले नाही. "माहेरची मंडई का सासरची?"

झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. आज या गावात दंडार, चार दिवसांनी त्या गावात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. कार्ड भरताना कोणीतरी माहेरच्या मंडईची तारीख धरली होती आणि पाळी आली होती सासरच्या मंडईला, म्हणजे अठरा दिवसांनी. हिशेब पुन्हा केला तेव्हा आठवडे २८ च्या थोडे वर आले. पोट बरोबर होतं. बाळही बरोबर होतं. दोन महिने घरच्यांची बोलणी खात असलेली ती मुलगी टेबलावरून उतरली तेव्हा तिची चालच बदलली होती.

त्याच पावसाळ्यात दुसरी एक बाई तपासणीला येत होती. तिची तारीख पक्की होती, कारण तिसऱ्या महिन्याच्या आतच तिची सोनोग्राफी झाली होती. ३१ व्या आठवड्यात तिचं पोट भरलं ३० सेंटिमीटर. एका सेंटिमीटरच्या फरकाकडे कोण लक्ष देतं? पोटही चांगलं गोल दिसत होतं आणि घरचे खुशीत होते. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, जोरात सुरू होता, पायांवर चिखल वाळलेला होता. टेप पुन्हा ३० वरच थांबली. रक्तदाब वाढला होता. बाळ फिरतं का, असं विचारल्यावर ती जरा थांबून म्हणाली, "कामात ध्यान राहात नाही जी." तिला त्याच दिवशी नागपूरला पाठवावं लागलं. बाळाच्या नाळेतला रक्तप्रवाह मंदावलेला निघाला आणि दिवस भरण्याआधीच सिझेरियन झालं. बाळ दीड किलोचं होतं. कित्येक दिवस काचेच्या पेटीत राहून ते घरी गेलं.

या दोन बायकांमुळे हे पुस्तक लिहायला घेतलं. पहिलीचं पोट लहान दिसत होतं आणि बाळ ठणठणीत होतं. दुसरीचं पोट चांगलं दिसत होतं आणि आत बाळाची वाढ थांबली होती. एका दिवसाच्या मापावरून वाढ कळत नाही, मग ते माप टेपचं असो, सोनोग्राफीचं असो की शेजारणीच्या नजरेचं. तारीख पक्की करून, ठरावीक अंतरानं, त्याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा घेतलेली मापं शेजारी शेजारी ठेवली म्हणजे वाढ दिसते. पुढची सगळी प्रकरणं या एकाच गोष्टीभोवती लिहिलेली आहेत.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे समजावून सांगणं सोपं आहे. धानाचं ठेंगणं वाण आणि खुंटलेलं धान यांतला फरक आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. ठेंगणं वाण कमरेएवढंच राहतं, पण त्याचा रंग हिरवागार असतो आणि लोंब भरून येते. खुंटलेलं धान एखाद्या दिवशी त्याच उंचीचं दिसेल, पण ते पंधरा दिवसांपूर्वीही तेवढंच होतं. पोटातल्या बाळाचंही असंच आहे. आई बुटकी, बाप शेलाटा, तर बाळ लहान चणीचं असू शकतं आणि तरीही आपल्या रेषेनं नीट वाढत असतं. दुसऱ्या एखाद्या बाळाला तीन किलोपर्यंत जायचं होतं, पण मध्येच कुठेतरी त्याचं पोषण अडलं आणि ते अडीचवरच थांबलं. वजनकाट्यावर दोघं सारखीच. धोका दुसऱ्याला आहे.

डॉक्टरी भाषेत, एकाच आठवड्याची शंभर बाळं वजनाच्या क्रमानं उभी केली तर तळच्या दहांत येणाऱ्या बाळाला 'दिवसांच्या मानानं लहान' म्हणतात. त्या दहांतली बरीच बाळं नुसती लहान चणीची असतात. खरी वाढ खुंटलेली कोणती, हे ओळखायला वजनाबरोबर वाढीचा वेग, नाळेतला रक्तप्रवाह आणि गर्भजल पाहावं लागतं. अगदी तळच्या तिघांत बाळ असेल तर मात्र नुसत्या वजनावरूनही सावध व्हावं लागतं. वरच्या टोकाला शंभरातली शेवटची दहा येतात, त्यांच्याविषयी पुढे सांगते.

पण ही शंभर बाळं कुठली घ्यायची? फार वर्षं वाढीचे तक्ते अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बाळांवरून बनत होते. आपली बाळं त्यावर लहान दिसली की दोन तऱ्हेची उत्तरं मिळत. एक, आपली बाळं रोगट. दुसरं, आपल्या लोकांची चणच बारीक, काळजी करू नका. दुसरं उत्तर ऐकायला गोड, पण जास्त घातक, कारण त्यात उपाशी आईलाही 'चण' म्हणून सोडून देता येतं.

या प्रश्नाचा एक मोठा धांडोळा आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, नागपुरात घेतला गेला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. ऑक्सफर्डच्या पुढाकारानं २००९ ते २०१४ या काळात 'इंटरग्रोथ-२१' हा अभ्यास आठ ठिकाणी झाला. ब्राझीलमधलं पेलोतास, इटलीतलं तुरिन, ओमानमधलं मस्कत, केनियातलं नैरोबी, अमेरिकेतलं सिएटल, चीनमधला बीजिंगचा एक भाग, इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड आणि आपलं नागपूर. नागपूरचं काम डॉ. मनोरमा पुरवार यांनी पाहिलं. अभ्यासासाठी मुद्दाम निरोगी, पोटभर खाणाऱ्या, शिकलेल्या, धोक्याचं कारण नसलेल्या गरोदर बायका निवडल्या. १४ आठवड्यांच्या आत बाळाची लांबी मोजून तारीख पक्की केली आणि मग दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी केली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. आई निरोगी असेल, तिचं पोट भरलेलं असेल, तर बाळांच्या डोक्याच्या घेरात आणि लांबीत देशादेशांमुळे पडणारा फरक एकूण फरकाच्या चार टक्क्यांहूनही कमी निघाला. बाळाबाळातला फरक कितीतरी मोठा होता, देशादेशातला नगण्य.

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आणि लगेच अवघडही वाटलं होतं. नागपूरच्या धडधाकट आईचं बाळ ऑक्सफर्डच्या बाळाच्या बरोबरीनं लांब होत असेल, तर पवनीच्या किंवा साकोलीच्या बाळाचं लहानपण नुसतं रक्तावर ढकलता येणार नाही. त्यात आईच्या ताटाचा आणि कष्टाचा वाटा आहे. अर्थात इथेच सगळं संपलं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा देशांत केलेला दुसरा अभ्यास २०१७ साली आला आणि त्यात देशादेशांतल्या बाळांच्या अंदाजी वजनात फरक दिसले. तज्ज्ञांचा वाद चालू आहे. म्हणूनच तक्त्यावरच्या एका ठिपक्यापेक्षा ठिपके जोडणाऱ्या रेषेवर मी जास्त विश्वास ठेवते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं कामही इथे सांगितलंच पाहिजे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून पाहिलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं, स्नायूंनी बारीक, पण कातडीखालच्या चरबीत मात्र त्यांच्या जवळपास. बाहेरून रोडका आणि आतून चरबीदार, असा हा देह पुढे मोठेपणी मधुमेहाकडे झुकतो, असं याज्ञिकांचं म्हणणं आहे. म्हणजे पोटात जे अडलं त्याची वसुली चाळिशीत होते. याच अभ्यासातून आणखी दोन गोष्टी कळल्या, ज्या भंडाऱ्यात भिंतीवर लिहून ठेवाव्यात. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या आयांच्या खाण्यात जास्त होतं त्यांची बाळं मोठी निघाली. आणि ज्या आयांना गरोदरपणी अंगमेहनतीचं काम जास्त पडलं त्यांची बाळं लहान निघाली.

आता आपल्याकडचा रोवणा डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून कमरेत वाकून, पोटऱ्यांएवढ्या चिखलात, डोक्यावर मोरा किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन बायका ओळीनं मागे सरकत असतात. त्यांत सातव्या महिन्याचीही असते. ठेक्याचं काम, एक दिवस बसली तर मजुरी गेली. दुपारी धुऱ्यावर बसून भात आणि पातळ वरण, सोबत असली तर जवसाची चटणी. नदी, तलाव, बोड्या भरलेल्या या जिल्ह्यात मासळी आहे, शिंगाडे आहेत, पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट उगवते, तरी गरोदर बाईच्या ताटात यातलं काय आणि किती येतं, हे प्रत्येकानं आपल्या घरात पाहावं. काही घरांत तर मुद्दाम कमी खायला देतात. बाळ मोठं झालं तर अडेल, ही भीती. नववा महिना लागला की भाताची मूद अर्धी होते. बाळ अडतं त्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात आणि उपाशी ठेवल्यानं आई अशक्त होते, हे या पुस्तकात मी तीन वेगवेगळ्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

खर्ऱ्याविषयीही लिहायलाच हवं. आपल्याकडे बायका खर्रा खातात, तंबाखूची मिसरी घासतात, आणि विचारलं तर 'नाही' म्हणतात, कारण सासऱ्यासमोर सांगायची सोय नसते. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास होऊन २००४ साली निष्कर्ष आले. धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती. अडीच किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम थोडे नाहीत. हा प्रश्न बाईला एकटीला, दार लावून विचारावा.

मग सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सारा पट्टा सिकलसेलचा आहे. ज्या आईला हा आजार आहे, नुसती वाहक नाही, तिच्या वारेपर्यंत रक्त नीट पोचत नाही आणि बाळाची वाढ अडण्याची शक्यता वाढते. तिची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू व्हावी आणि जास्त वेळा व्हावी.

या सगळ्या कारणांचं काम शेवटी एकाच ठिकाणी चालतं, वारेत. बाळाची भाकरी, पाणी, हवा सगळं तिथून येतं. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्या रुंद होऊन कालव्यासारख्या वाहू लागायला हव्यात. काही बायकांत त्या रुंद होतच नाहीत. गोसीखुर्दच्या कालव्याला पाणी सोडलं पण शेताच्या तोंडाशी पाट गाळानं भरलेला, अशी ती अवस्था. पुढे याच बायकांचा रक्तदाब वाढतो आणि बाळ खुंटतं. एका मुळाला फुटलेले हे दोन कोंब आहेत. म्हणून टेप आणि रक्तदाबाचा पट्टा या जोडीनं वापरायच्या वस्तू आहेत. ज्यांना हा धोका आधीपासून दिसतो, उदाहरणार्थ मागच्या खेपेला रक्तदाब वाढला होता, त्यांना डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. त्यासाठी त्यांनी तिसऱ्या महिन्यात दवाखान्याची पायरी चढलेली असायला हवी. पाचव्या महिन्यात, पोट दिसायला लागल्यावर नाव नोंदवायची आपली जुनी रीत इथे महाग पडते.

पोषण कमी पडू लागलं की बाळ घरातल्या शहाण्या बाईसारखं वागतं. आहे ते मेंदूला, हृदयाला पुरवतं आणि बाकीच्या अंगाला आवरतं घेतं. म्हणून डोकं बरंच ठीक वाढतं आणि पोट बारीक राहतं, कारण यकृतात साठवायला काही उरतच नाही. सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर इतका महत्त्वाचा मानतात तो यासाठी. डॉपलर तपासणीत नाळेतला प्रवाह पाहतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त पुढे वाहत राहायला हवं. ते थांबलं, किंवा उलटं फिरलं, तर वेळ फार थोडा असतो.

आणि औषध? इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. वाढ खुंटलेल्या बाळाला पोटातच भरून काढणारं औषध आज नाही. सलाईनच्या बाटल्या, महागड्या पुड्या, नुसतं झोपून राहणं, यांनी बाळाची थांबलेली वाढ सुरू होते असं सिद्ध झालेलं नाही. गरीब घरातली बाई या बाटल्यांवर जो पैसा घालते त्यात दोन महिन्यांची अंडी आणि दूध येतं. कुपोषित आईला पुरेसं अन्न मिळालं तर लहान बाळं कमी जन्मतात, याला मात्र चांगला आधार आहे. त्यापुढे डॉक्टरच्या हातात उरतो तो एक निर्णय, बाळाला बाहेर कधी काढायचं. लवकर काढलं तर फुप्फुसं कच्ची, उशीर केला तर पोटातच जाण्याची भीती. हा निर्णय नीट घेता यावा म्हणूनच तारखेचा आणि मापांचा सगळा आटापिटा.

मोठ्या बाळाचं प्रकरण या पुस्तकात छोटं आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पोट अपेक्षेपेक्षा मोठं भरलं तर जुळं असेल, गर्भजल जास्त असेल किंवा तारीख चुकलेली असेल. आईला गरोदरपणातला मधुमेह असेल तर बाळ साखरेवर पोसलं जातं, खांद्यांनी रुंद होतं, बाळंतपणात डोकं बाहेर येऊन खांदा अडकू शकतो आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते. याची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्तातली साखर पाहायची. १४० किंवा जास्त आली तर मधुमेह धरायचा. उपाशीपोटी यायची गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आपल्याकडे 'गुटगुटीत बाळ' म्हणून कौतुक होतं, तिथे ही चाचणी हमखास राहून जाते.

सोनोग्राफीच्या कागदावर वजनाचा आकडा छापलेला असतो आणि घरातले सगळे तो वजनकाट्यावरचा समजतात. यंत्र बाळाला तोलत नाही. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून सूत्रानं अंदाज काढतं. हा अंदाज शंभराला दहा-पंधरानं इकडेतिकडे होऊ शकतो. दोन किलोच्या बाळात दोन-तीनशे ग्रॅमची चूक सहज धरावी. म्हणून आठ दिवसांत दोन ठिकाणी सोनोग्राफी करून 'बाळ घटलं' म्हणून रडत येणाऱ्या बायकांना मी आधी पाणी देते. वाढ पाहायची तर दोन तपासण्यांत दोन-तीन आठवडे जावे लागतात.

बाळाची हालचाल मात्र आईला रोज कळते, त्याला यंत्र लागत नाही. इतकेच फेरे हवेत असा एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. आपल्या बाळाची सवय आपल्याला ठाऊक असते. ती बदलली, फिरणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही, बाजाराच्या दिवशी नाही.

एक आठवण टाळून भंडाऱ्यात या विषयावर लिहिता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. अशा कक्षात येणारी बरीच बाळं कमी वजनाची किंवा दिवसांआधी जन्मलेली असतात. त्या दहा आयांच्या दुःखाला या पुस्तकानं काही होणार नाही, हे मी जाणते. पण त्यानंतर कितीतरी गावांत बायका मला म्हणाल्या की बाळाला पेटीत ठेवायचंच नाही. ती भीती मी समजू शकते, आणि तरीही त्यांना सांगते की दीड किलोच्या बाळाला त्या कक्षाची गरज असते. कक्ष सुरक्षित ठेवणं हे यंत्रणेचं काम आहे आणि ते मागणं हा आपला हक्क आहे. तिथे येणारी बाळं कमी व्हावीत याची सुरुवात मात्र सात महिने आधी, आपल्या घरात होते.

लहान बाळ घरी आल्यावर काय करायचं, ते वैनगंगेच्याच खालच्या अंगाला शिकवलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि १९९९ साली जगापुढे मांडलं की तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, बाळाचं वजन करते, ताप पाहते, त्यामागे हे काम आहे. छातीला छाती लावून ऊब देणं, फक्त अंगावरचं दूध, आंघोळीची घाई नको, हे सगळं शेवटच्या भागात सविस्तर आहे.

पुस्तकाचं शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. त्यावर चार रकाने आखले आहेत: तारीख, आठवडा, पोटाचं माप, रक्तदाब. २४ आठवड्यांनंतर आठवडे आणि सेंटिमीटर साधारण जोडीनं चालतात. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दिसला, किंवा दोन भेटींत माप जागचं हललंच नाही, तर सोनोग्राफीला पाठवायचं. माप घेण्याआधी बाईला लघवीला जाऊन यायला सांगावं. शिंप्याची साधी टेप चालते, फक्त आकड्यांची बाजू खाली, पोटाकडे ठेवावी आणि दोन्ही टोकं धरून झाल्यावर मगच उलटून वाचावी. आकडा आधी दिसला की बोट नकळत हव्या त्या ठिकाणी थांबतं. माझंही थांबलेलं आहे. आणि पहिल्या ओळीच्या वर, तारखेच्या रकान्यात, पाळीची तारीख लिहिण्याआधी तिला विचारावं, कुठली मंडई?